भुशात कोंडलेली हवा
मे 1833 मध्ये बोस्टनहून 'टस्कनी' नावाचं जहाज कलकत्त्याला निघालं. पोटात 180 टन बर्फ, न्यू इंग्लंडच्या गोठलेल्या तळ्यांतून कापलेला! आफ्रिकेला वळसा घालायचा, विषुववृत्त दोनदा ओलांडायचं, चार महिन्यांची वाट. सप्टेंबरमध्ये जहाज पोचलं तेव्हा सुमारे 100 टन बर्फ शाबूत होता. फ्रेडरिक ट्यूडर या व्यापाऱ्याच्या माणसांनी बर्फाभोवती घातलं काय होतं? कातडी कमावून झाल्यावर टाकून दिलेली झाडांची साल आणि सुकं गवत. या धंद्यात लाकडाचा भुसाही वापरला जाई. पुढे हा अमेरिकन बर्फ मुंबईलाही येऊ लागला.

गंमत अशी, की यातलं बहुतेक काम फुकटच्या हवेनं केलं. स्थिर हवेतून उष्णता फार मुश्किलीनं सरकते; साध्या विटेतून ती पंचवीसेक पट सहज जाते. पण हवा बसून राहील तर ना! तापली की वर, निवली की खाली, आणि प्रत्येक फेरीत उष्णता सोबत. तिला भटक्या गुरांसारखं कोंडवाड्यात घालावं लागतं, आणि कोंडवाडे जितके बारीक तितके बरे.

ते वनस्पतीनं आधीच बांधून ठेवलेले असतात. उसाचं वाळलेलं चिपाड फाडून पाहा. बाहेरचे धागे चिवट, आतला गर भुसभुशीत, इतका हलका की फुंकरीनं उडावा. रस होता तिथे आता हवा आहे. गव्हाचं काड म्हणजे तर नळीच. भाताचं तूस वाकडं, त्यामुळे कसंही ओता, मध्ये फटी राहतातच. शिवाय तुसात सिलिका भरपूर असते, म्हणून ते सहजी कुजत नाही.

मात्र हे सारं भिंतीत भरण्यातही कसब आहे. सैल भरलं तर हवा आत खेळते. फार ठासलं तर धाग्याला धागा भिडतो आणि उष्णतेला पायवाट मिळते.

अमेरिकेत नेब्रास्काच्या वाळूच्या टेकड्यांवर झाडंच नव्हती. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तिथल्या लोकांनी यंत्रानं बांधलेल्या गवताच्या गठ्ठ्यांच्याच भिंती रचल्या आणि वरून गिलावा केला. आर्थर गावात 1928 साली असं बांधलेलं चर्च अजून उभं आहे. आग लागली तर? मोकळं काड भसकन पेटतं, हे खरं; पण घट्ट गठ्ठ्यात ज्वाळेला पुरेल इतकी हवा पोचत नाही. तो बाहेरून काळा पडतो आणि धुमसत राहतो. लुइझियानात 1920 च्या दशकात चिपाडाचे उष्णतारोधक तक्ते कारखान्यात निघू लागले, तर 1930 च्या दशकात स्वीडनमध्ये गव्हाचं काड गरम दाबून पाट्या झाल्या. त्यात डिंकही घालावा लागत नाही. काडातलंच लिग्निन नावाचं द्रव्य मऊ होऊन सगळं धरून ठेवतं.

खरा शत्रू पाणी. कोंडवाड्यात हवेच्या जागी पाणी शिरलं की उष्णता वीसेक पट वेगानं वाहते, वर बुरशी येते ती वेगळीच. म्हणून अशा भिंतीला लांब वळचण हवी आणि आतली ओल बाहेर जाऊ देणारा माती-चुन्याचा गिलावा. सिमेंटचा मुलामा मला तरी इथे धोक्याचा वाटतो, कारण आत शिरलेली ओल तिथेच मुरते.

आपल्याकडे अशा भिंतींसाठी चिपाड मिळेल, असं वाटेल. एक टन उसामागे पावणेतीनशे ते तीनशे किलो ओलं बगॅस, म्हणजे चिपाडच, निघतं. पण ते साखर कारखान्याच्या बॉयलरमध्ये जातं. त्यावर वाफ आणि वीज दोन्ही होतात. त्याला आता टाकाऊ कोण म्हणेल? उरतं पाचट, म्हणजे उसाची वाळकी पानं. तोडणी झाली की अनेक शेतकरी ते पेटवून देतात. न पेटवता सरीत पसरलं, तर त्यात अडकलेली हवा उन्हाळ्यात खोडव्याखालची जमीन गार ठेवते आणि ओलही टिकवते. भिंतीत भरण्याआधी पाचटावर पहिला हक्क त्या जमिनीचाच आहे.