शहाऐंशी पानांचा एक मेनू

सकाळी ९:४०. सांगली, विश्रामबाग. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचं ऑफिस. इथे वेबसाइटचं काम करणारी मुलगी तासगावहून एसटीनं येते. बायकांना अर्धं तिकीट झाल्यापासून जाण्यायेण्याचा खर्च निम्म्यावर आलाय. पगार महिना १८ हजार.

१०:१०. काम एका कॉलेजच्या वेबसाइटचं. नॅककडून कॉलेजचं मूल्यांकन व्हायचं आहे, म्हणून मेनूत एक ओळ वाढवायची. एकच ओळ, पण साइट जुनी, साध्या एचटीएमएलची. पानं ८६ आणि प्रत्येक पानात मेनू वेगळा चिकटवलेला. 'प्रवेश' उघडलं तर मेनूत सात नावं, 'ग्रंथालय' उघडलं तर सहा. निवृत्त झालेले प्राचार्य काही पानांच्या तळाशी अजून पदावर आहेत.

१०:३०. ती ठरवते, आता ठिगळ नको. वरचा भाग, मेनू आणि तळ अशा तीन फाइली वेगळ्या काढते. पानात फक्त मजकूर राहील आणि या तिन्ही 'इनक्लूड'नं आत येतील. भाषा पीएचपी, १९९५ सालची. वयानं तिच्याहून मोठी.

११:४५. पहिलं पान जमलं. 'नोटिसा' फोल्डरातलं पान मात्र फसलं. मेनू दिसतो, पण लिंका त्या फोल्डरातच पानं शोधत बसतात. ती प्रत्येक पत्त्याच्या सुरुवातीला एक तिरकी रेघ घालते. आता कुठूनही दाबा, वाट साइटच्या मुळापासून सुरू होते.

१:३०. डबा. भाकरी, दोडका. खालून दहा रुपयांचा चहा.

२:००. आता खरी मेहनत. एकेक पान उघडायचं, जुना मेनू निवडायचा, कापायचा, जागी एक ओळ टाकायची, सेव्ह. पुढचं पान. शेजारच्या टेबलावरचा मुलगा नवा आहे.

"ताई, सगळ्यांना एकदम फाइंड-रिप्लेस मार ना."

"मेनू सगळीकडे सारखा असता तर मारलं असतं. कुठे एक ओळ जास्त आहे, कुठे टॅगच बंद केलेला नाही."

चाळिसाव्या पानाच्या आसपास ती मनगट झटकते. खुर्चीचा एक हात तुटलेला, त्यामुळे कोपराला आधार नाही. डोळे मिटून थोडं थांबते, परत सुरू. मला हे काम बघण्यासारखं वाटतं, कारण पुढे ते कुणालाच दिसणार नाही.

४:२०. वाचक ज्या पानावर आहे, त्याचं नाव मेनूत ठळक दिसायला हवं. मेनू तर सगळ्यांचा एकच. मग प्रत्येक पान सुरुवातीलाच आपलं नाव सांगतं, मेनू ते ओळखतो आणि तेवढंच रंगवतो.

४:५०. पानाच्या डोक्यावर एक पांढरी पट्टी आली. कोड तर बरोबर आहे. मुलानं मेनूची फाइल जुन्या विंडोजच्या नोटपॅडात उघडून सेव्ह केली होती. त्यामुळे सुरुवातीला न दिसणारे तीन बाइट चिकटले. ती दुसऱ्या एडिटरमध्ये फाइल नीट सेव्ह करते आणि त्याला जवळ बसवून ते बाइट दाखवते.

५:३०. आधी जुन्या साइटची प्रत, मग अपलोड. पानांची नावं एचटीएमएलवरून पीएचपीवर गेली. जुन्या लिंकवरून येणारा विद्यार्थी अडकू नये, म्हणून त्या नव्या पानांकडे वळवल्या.

५:५५. कॉलेजच्या क्लार्कचा फोन.

"मॅडम, जुनंच दिसतंय."

"सर, कंट्रोल धरून एफ-५ दाबा."

"आलं, आलं. बरं, एक राहिलं. 'अँटी रॅगिंग' पण मेनूत घ्या की."

फोन कानाला धरूनच ती मेनूची फाइल उघडते. एक ओळ, सेव्ह, अपलोड. ८६ पानांवर ती ओळ आली.

"झालं? इतक्यात? मग याचे वेगळे पैसे नाहीत ना?"

ती ऑफिसच्या सरांच्या टेबलाकडे बघते. पूर्वी अशा बदलाचं बिल पानांवर लागायचं, पानामागे वीस रुपये. सर दोन बोटं दाखवतात.

"दोनशे होतील, सर," ती म्हणते, आणि वहीत लिहून ठेवते.