डाउनटाउन ईस्टसाइड
डाउनटाउन ईस्टसाइड हा कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील व्हँकूव्हर शहराचा एक जुना भाग आहे. अमली पदार्थांचे सेवन करणाऱ्या व्यक्तींच्या निवाऱ्याचा व आरोग्याचा प्रश्न येथे तीव्र आहे.

येथील अनेक गरीब रहिवासी जुन्या हॉटेलांतील एकेका खोलीत राहतात. स्वच्छतागृह बहुधा सामाईक असते. खोली सुटल्यास रस्ता किंवा रात्रनिवारा एवढेच पर्याय उरतात. उघड्यावर घाईने, वापरलेल्या सुईने टोचून घेतल्यास एचआयव्ही व हिपॅटायटिस सी यांचा धोका वाढतो. औषधे हरवल्याने उपचारही खंडित होतात. याउलट, बंद खोलीत एकट्याने सेवन केल्यास अतिमात्रेच्या वेळी नालोक्सोन देणारे कोणी जवळ नसते. त्यामुळे केवळ छप्पर पुरेसे ठरत नाही.

२००३ मध्ये येथे 'इनसाइट' हे उत्तर अमेरिकेतील पहिले कायदेशीर, देखरेखीखालील इंजेक्शन केंद्र सुरू झाले. २०११ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने ते चालू ठेवण्याच्या बाजूने निर्णय दिला. २००९ ते २०१३ या काळात व्हँकूव्हरसह पाच शहरांत 'अ‍ॅट होम' हा प्रयोग झाला. त्यात मनोविकार असलेल्या बेघर व्यक्तींना व्यसनमुक्तीची अट न घालता घरे व मदत देण्यात आली. त्यांचा निवारा इतरांच्या तुलनेत अधिक स्थिर राहिल्याचे आढळले.