पन्नाशीतली मुळाक्षरं

माझे यजमान गेले, त्यानंतर दोन वर्षं सांगलीच्या घरात मी एकटी होते. मुलगा परगावी, त्याचा फोन रविवारी. दिवसभर कामं असत. पण देवापाशी दिवा लावला की संध्याकाळ संपता संपायची नाही.

अशात शेजारी जत तालुक्यातलं एक कुटुंब राहायला आलं. जतच्या पूर्व भागात घरोघर कन्नड बोलतात, तिथे कन्नड माध्यमाच्या शाळाही आहेत. त्या घरातल्या सासूबाईंना मराठी जवळजवळ येत नव्हतं. एका दुपारी त्यांनी गडग्यावरून विचारलं, ‘‘तंगी, ऊट आयता?’’ मला वाटलं, घरात पैशाची तंगी आहे म्हणतात! त्यांची सून हसून म्हणाली, ‘‘काकू, तंगी म्हणजे धाकटी बहीण. जेवण झालं का, विचारतायत.’’ हा प्रश्न मला कितीतरी दिवसांत कुणी विचारला नव्हता. मी कन्नड शिकायचं ठरवलं.

तेव्हा मी बावन्न वर्षांची होते. या वयात डोक्यात काही शिरेल का, ही भीती सगळ्यांनाच असते. ती अर्धीच खरी आहे. उच्चार लहान मुलं आपल्यापेक्षा सहज उचलतात. पण वाक्य कसं बांधलं आहे, कुठला शब्द कशासारखा आहे, हे मोठ्या माणसाला लवकर कळतं. त्यात कन्नड आपल्याला फार परकी नाही. क्रियापद मराठीसारखंच वाक्याच्या शेवटी येतं. अक्का, अण्णा दोन्हीकडे आहेत. आपलं तूप तिकडे ‘तुप्प’ होतं. लिपी वेगळी असली तरी अक्षरांचा क्रम क, ख, ग असाच. फक्त ‘ए’ आणि ‘ओ’ यांचे ऱ्हस्व आणि दीर्घ असे दोन प्रकार आहेत, तिथे माझी जीभ अजून अडखळते. आणखी एक गंमत म्हणजे, आपण ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असा भेद करतो. आजच्या कन्नडमध्ये दोन्हींना एकच शब्द आहे, ‘नावु’.

खरी अडचण लाजेची असते. ज्या बाईनं तीस वर्षं घर चालवलं, तिला ‘पाणी द्या’ म्हणताना चुकायला नको वाटतं. पण चुकल्याशिवाय भाषा येत नाही, आणि चूक सुधारायला दुसरं माणूस लागतंच. पुस्तक एकटीनं वाचता येतं, बोलायला मात्र दार उघडावं लागतं.

आपल्या शेजारच्या सातारा जिल्ह्यात याचं मोठं उदाहरण आहे. मॅक्सीन बर्नसन ही अमेरिकन भाषाअभ्यासक १९६०च्या दशकात फलटणला आली. तिथल्या वेगवेगळ्या समाजांतले लोक मराठी कशी बोलतात, यावर तिने पेनसिल्व्हेनिया विद्यापीठासाठी प्रबंध लिहिला. जाई निंबकर यांच्यासोबत मराठी शिकणाऱ्या परदेशी लोकांसाठी पुस्तकं केली. अभ्यास संपल्यावर त्या परत गेल्या असत्या, तर कुणी काही म्हटलं नसतं. पण त्या फलटणलाच राहिल्या आणि भारताचं नागरिकत्वही घेतलं. वस्तीतली मुलं शाळेत जाऊनही वाचू शकत नाहीत, हे पाहून त्यांनी मुलांना वाचायला शिकवायला सुरुवात केली. पुढे प्रगत शिक्षण संस्था स्थापन झाली आणि १९८६मध्ये कमला निंबकर बालभवन ही मराठी माध्यमाची शाळा सुरू झाली. तेव्हा त्या पन्नाशीच्या आसपास होत्या. जी भाषा त्या मोठेपणी शिकल्या, तीच त्यांनी ती बोलणाऱ्यांच्या मुलांना वाचायला शिकवली. गावाने त्यांना ‘मॅक्सीन मावशी’ केलं.

आपल्याला शाळा काढायची नाही. रोज पाच शब्द वहीत लिहावेत, ते त्याच दिवशी कुणाशी तरी बोलावेत, एवढं पुरे. मी पाट्या वाचत गेले. मिरज स्टेशनवर एका आजीला कन्नडमध्ये फलाट सांगितला, त्या दिवशी घरी येईपर्यंत मी मनातल्या मनात हसत होते. अमक्यांची बायको, तमक्याची आई यांच्यापलीकडे मी कुणीतरी आहे, हे मला तेव्हा जाणवलं.

शेजारचं कुटुंब आता गावी परतलं आहे. दिवेलागणीला मी सासूबाईंना फोन करते. ‘‘ऊट आयता?’’ हे आता मीच आधी विचारते.