साडेबारा हजार किलोमीटरचा दोरा

तीस वर्षं मी वाईच्या एका शाळेत भूगोल शिकवला. नववीच्या वर्गात दरवर्षी एक गंमत करायचो. टेबलावर पृथ्वीगोल, एका मुलाचं बोट मुंबईवर, दुसऱ्याचं न्यूयॉर्कवर आणि मधे शिवणाचा दोरा. भिंतीवरच्या नकाशाकडे बघून मुलं सांगायची, विमान अरबस्तानावरून सरळ पश्चिमेला जाणार. ताणलेला दोरा मात्र वायव्येला चढायचा. मॉस्को, आइसलंड, ग्रीनलंडचं दक्षिण टोक, लॅब्राडॉर आणि मग खाली न्यूयॉर्क! गोलावरचा जवळचा रस्ता हाच. अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर. ताशी ९०० ने भागलं की १४ तास. मुलं खूश, मास्तरही खूश.

विमान काही दोऱ्यावरून चालत नाही म्हणा. उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात, त्यामुळे अमेरिकेला जाताना तास-दीड तास जास्त लागतो आणि परतताना तेच वारे पाठीशी असतात. शिवाय दोऱ्याखाली देश असतात. २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध पेटलं आणि अमेरिकी विमानांना रशियाचं आकाश बंद झालं. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्ताननं भारतीय विमानांना आपली हद्द बंद केली. दोरा वाकला, तास वाढले.

पण हे झालं विमानाचं. माणसाचा हिशेब मला एका जानेवारीत कळला.

रविवारी पहाटे दोनला आई गेली. धाकटा भाऊ न्यू जर्सीत असतो. तिकडे अजून शनिवार होता, दुपारचे साडेतीन. फोनवर तो एवढंच म्हणाला, "दादा, मी निघतो. थांबाल ना?"

ओसरीवर जमलेल्या मंडळींनी विचारलं, "सर, किती वेळ लागेल?" आयुष्यभर ज्याचं उत्तर शिकवलं तोच प्रश्न. मी चौदा तास म्हणणार होतो, जीभ आवरली. त्या रात्रीच्या विमानात जागा नव्हती. दुसऱ्या दिवशी दुपारचं विमान, म्हणजे आपल्याकडे रविवारची रात्र. मुंबईत उतरेपर्यंत सोमवारची दुपार. मग शिक्के, सामान, पनवेल, खंडाळ्याचा घाट, पुणे, वाई. बोटं मोजून मी म्हणालो, "बेचाळीस तास."

कुणी काही बोललं नाही. एकजण हळूच म्हणाला, बर्फाच्या लाद्या आणता येतील. मीच नको म्हणालो. आईला बर्फावर ठेवायला मन धजेना. दुपारी कृष्णाकाठी सारं उरकलं. बरोबर केलं का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

भाऊ सोमवारी रात्री आठला पोचला. माझा हिशेब चुकला नव्हता. मी काही सांगायला गेलो, तर म्हणाला, "दादा, मला विमानात बसतानाच कळलं होतं." मग आईच्या खोलीत जाऊन बराच वेळ नुसता बसला.

मंगळवारी सकाळी अस्थी सावडायला आम्ही दोघं बरोबर गेलो.