पाहुण्याने नळाचे पाणी प्यावे काय?

नांदेडला हुजूर साहिबच्या दर्शनास आलेल्या यात्रेकरूस गोदावरीवरील विष्णुपुरी जलाशयाचे, तर लातूरच्या पाहुण्यास धनेगावच्या मांजरा धरणाचे पाणी नळावाटे मिळते. परंतु शुद्धीकरण केंद्रातून निर्मळ निघालेले हे पाणी, पुरवठा अखंड नसल्यामुळे रिकाम्या राहिलेल्या नळवाहिन्यांत गळतीच्या ठिकाणी घाण शिरून, आणि पुढे घरोघरच्या हौदांत साठून, ओंजळीपर्यंत येताना दूषित होण्याचा संभव असतो. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या लातुरात साठवण ही चैन नव्हे, निकड आहे, हे पाहुण्याने ध्यानी घ्यावे. भारतीय मानकानुसार नळाच्या पाण्यात लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन शेष असावे. त्याची खातरजमा नसेल तेथे पाणी गाळून, खळखळून उकळून, झाकून ठेवलेलेच प्यावे, आणि तान्ही मुले व गर्भवती यांच्याबाबत तर ही खबरदारी मुळीच टाळू नये. कूपनलिकेच्या पाण्याचा मामला निराळा: नांदेड जिल्ह्याच्या किनवट तालुक्यातील काही गावांना फ्लोराइडने ग्रासले आहे, त्याची मर्यादा लिटरमागे 1 मिलिग्रॅम, दुसरा स्रोत नसल्यास 1.5, आणि उकळल्याने ते तसूभरही उणे होत नाही.