वेंगुर्ल्याचं बंदर चार महिने बंद का असायचं? व्यापारी वारे आणि आपला सीमाभाग

बेळगावच्या जुन्या व्यापाराचा विषय निघाला की आपण घाट, जकात, पेठा आणि संस्थानं यांबद्दल बोलतो. रामघाटाची वाट कशी मागे पडली, आंबोलीचा रस्ता कसा पुढे आला, यावर तासन्‌तास चर्चा होते. पण एक गोष्ट आपण सगळेच गृहीत धरतो. आगोटीच्या आधी वेंगुर्ल्याचं बंदर बंद व्हायचं आणि नारळी पौर्णिमेनंतर हळूहळू उघडायचं. का? "पाऊस असतो म्हणून" हे ठरलेलं उत्तर. पण नुसत्या पावसानं गलबत अडत नाही. अडवतो तो वारा, आणि त्या वाऱ्यानं उठवलेला समुद्र. म्हणून या टिपणात वाऱ्याचीच हकिगत मांडतो.

वारा निघतो कुठून?

विषुववृत्तावर ऊन जास्त, तिथली हवा तापून वर जाते. तिची जागा घ्यायला उत्तरेकडून आणि दक्षिणेकडून वारे येतात. पृथ्वी फिरत असल्यामुळे ते सरळ न येता तिरपे होतात. उत्तर गोलार्धात ते ईशान्येकडून, दक्षिण गोलार्धात आग्नेयेकडून वाहतात. हेच व्यापारी वारे. गंमत म्हणजे इंग्रजीतल्या 'ट्रेड विंड'मधल्या 'ट्रेड'चा मूळ अर्थ व्यापार नसून ठरलेली वाट असा होता. भाषांतरात व्यापार आला, आणि तो चुकीचाही ठरला नाही.

आता आपल्या कामाचा भाग. उन्हाळ्यात राजस्थान-सिंधचा पट्टा इतका तापतो की हवेच्या कमी दाबाचा पट्टा उत्तरेला सरकून भारतावर येतो. मग दक्षिण गोलार्धातला आग्नेय व्यापारी वारा विषुववृत्त ओलांडतो, उजवीकडे वळतो आणि नैर्ऋत्य मोसमी वारा म्हणून आपल्या किनाऱ्यावर आदळतो. त्याचं उगमस्थान मॉरिशसच्या दक्षिणेकडच्या जास्त दाबाच्या प्रदेशात आहे. एकोणिसाव्या शतकात उसाच्या मळ्यांवर मजुरीला गेलेली मराठी कुटुंबं मॉरिशसमध्ये स्थायिक झाली. त्यांच्या घरांवरून जो वारा वाहतो, त्याच प्रवाहाचा पुढचा टप्पा म्हणजे आंबोलीचा पाऊस, असं म्हणायला हरकत नाही.

वाटेत पूर्व आफ्रिकेचा डोंगराळ भाग आडवा येतो. त्याच्या कडेनं वारा दाटून जोरात वाहतो. एक ते दीड किलोमीटर उंचीवरचा हा वेगवान झोत फिंडलेटर या हवामानशास्त्रज्ञानं १९६९ मध्ये मांडला. आम्हा अभियंत्यांच्या भाषेत सांगायचं तर कालव्याची एक बाजू पक्की बांधली की पाणी तिला धरून धावतं, तसंच हे.

समुद्राचं काय होतं?

मे महिन्यात अरबी समुद्राचा पृष्ठभाग ३० अंशांच्या आसपास तापलेला असतो. जूनमध्ये वारा लागला की तो पाणी घुसळतो आणि समुद्र थंड होऊ लागतो. सोमालियाच्या किनाऱ्यावर तर वारा वरचं पाणी बाहेर ढकलतो आणि खालचं गार पाणी वर येतं. काही ठिकाणी तापमान २० अंशांच्याही खाली जातं. केरळ-कर्नाटकाच्या किनाऱ्यावर हेच कमी प्रमाणात घडतं, कोकणाकडे येताना आणखी सौम्य होतं.

खालच्या पाण्यात खतासारखी पोषकद्रव्यं असतात. त्यांवर सूक्ष्म वनस्पती वाढतात आणि त्यांवर तारली, बांगडा पोसले जातात. म्हणजे ज्या महिन्यांत होडी बाहेर काढता येत नाही, त्याच महिन्यांत पुढच्या हंगामाची मासळी तयार होत असते. पश्चिम किनाऱ्यावर १ जूनपासून यांत्रिक मासेमारीला सरकारी बंदी असते. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ देऊन होड्या लोटायची रीत त्याच्या कितीतरी आधीची. सरकारी तारीख आणि कोळ्यांची रीत, दोन्ही एकाच वाऱ्यावर बेतलेल्या आहेत.

घाटमाथ्यावर

ओली हवा सह्याद्रीला धडकते, वर चढते, थंड होते आणि पाणी सोडते. आंबोलीत वर्षाला सुमारे ७००० मिलिमीटर पाऊस पडतो. तिथून सत्तर किलोमीटरच्या आत बेळगाव, पाऊस १२०० ते १३०० मिलिमीटर. निपाणीत आणखी कमी, आणि अथणीपर्यंत गेलात की दुष्काळी टापू लागतो. एकाच जिल्ह्यात भात, तंबाखू आणि ज्वारी का, याचं उत्तर या उतरत्या आकड्यांत आहे.

हिरण्यकेशी आंबोलीला उगम पावते, घटप्रभा चौकुळजवळ, मलप्रभा कणकुंबीला. नद्यांचा उगम घाटमाथ्यावर आणि शेती पूर्वेला. निपाणीचा विडीचा तंबाखू पावसाचा जोर ओसरताना लावतात आणि जानेवारी-फेब्रुवारीत काढतात. तेव्हा वाहणारा कोरडा ईशान्य वारा हा आपल्या गोलार्धातला अस्सल व्यापारी वारा. म्हणजे वेदगंगेकाठच्या तंबाखूवाल्याला दोन्ही वारे लागतात, एक पाणी द्यायला आणि दुसरा पान वाळवायला.

वाऱ्याच्या वेळापत्रकावर चाललेला इतिहास

इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासपुस्तिकेत मोसमी वाऱ्यावर थेट समुद्र ओलांडण्याची माहिती आहे. तिच्यातली 'सेसेक्रिएनाय' बेटं म्हणजे वेंगुर्ल्यासमोरचे खडक, असं अनेक अभ्यासक मानतात. हा माल घाट चढून किती आत जात होता? कोल्हापूरला ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४० च्या दशकात समुद्रदेव पोसायडनची रोमन कांस्य मूर्ती मिळाली. समुद्रापासून इतक्या लांब, पंचगंगेच्या काठी, समुद्राचा देव! तो वाऱ्यावर आला, असंच म्हणावं लागेल.

पुढे १६३६ पासून काही वर्षं डचांनी गोव्याची नाकेबंदी केली, ती दर वर्षी उघडिपीच्या हंगामापुरतीच. पाऊस जवळ आला की आरमार माघारी. सतराव्या शतकात त्यांनी वेंगुर्ल्याला वखार घातली. शिवाजी महाराजांची बसरूरची मोहीम फेब्रुवारी १६६५ मधली. विजयदुर्गावर वॉटसन आणि क्लाइव्ह आले तेही फेब्रुवारीतच, १७५६ साली. हा योगायोग नव्हे. जूनमध्ये या किनाऱ्यावर आरमारी लढाई करता येत नसे.

बेळगाव भागातला कापूस असाच उन्हाळ्याच्या आत वेंगुर्ल्याला उतरवावा लागे. बैलांचे तांडे परतताना मीठ, नारळ, सुकी मासळी आणत. उशीर झाला तर माल चार महिने अडकला आणि त्यावरचं व्याज वाढलं. हे गणित १८८८ नंतर बदललं. मुरगावला लाटा थोपवणारा बांध असलेलं बंदर झालं, घाटातून रेल्वे आली आणि पावसाळ्यातही जहाज धक्क्याला लागू लागलं. वेंगुर्ल्याचा व्यापार उतरला तो यामुळे.

वारा चुकतो तेव्हा

१८७६ मध्ये दख्खनमध्ये पाऊस फसला आणि १८७८ पर्यंत चाललेल्या दुष्काळात बेळगाव जिल्हा होरपळला. इथे रेल्वे नव्हती. समुद्रमार्गे जे धान्य येणार ते बंदर उघडं असेपर्यंतच. हजारो मैलांवर, प्रशांत महासागरात, त्याचं एक मूळ होतं. तिथले व्यापारी वारे जोरात असले की गरम पाणी इंडोनेशियाकडे रेटलं जातं. ते मंदावले की गरम पाणी दक्षिण अमेरिकेकडे सरकतं. यालाच एल निनो म्हणतात. १८७७ चा एल निनो फार मोठा होता. भारतीय हवामान खात्याचे प्रमुख गिल्बर्ट वॉकर यांनी विसाव्या शतकात या दोन टोकांच्या हवेच्या दाबातला झोका शोधला, तो मोसमी पावसाचं भाकीत करण्याच्या खटपटीतूनच.

हे समीकरण अगदी सरळ मात्र नाही. १९९७ मध्ये मोठा एल निनो असूनही देशात पाऊस सरासरीएवढा झाला. शिवाय वारा जोरात असणं नेहमी चांगलंच असंही नाही. २०१९ आणि २०२१ मध्ये वेदगंगेच्या पुरानं निपाणीजवळ यमगर्णीला महामार्ग बंद पडला, ते आपण पाहिलंच आहे.

शेवटी एक विनंती. हवामानाच्या नोंदी सरकारी दप्तरात मिळतात. पण अमुक साली वेंगुर्ल्याहून पहिला माल कधी आला आणि शेवटचा कधी गेला, हे अडत दुकानांच्या जुन्या चोपड्यांतच सापडेल. ओळीनं पन्नास वर्षांच्या तारखा मिळाल्या तर वारा कधी लवकर लागला, कधी उशिरा, याचा स्थानिक आलेख मांडता येईल. या चोपड्या सध्या रद्दीत जात आहेत. घरात असतील तर विकण्याआधी निदान तारखांच्या पानांचे फोटो काढून मंडळाकडे द्यावेत.