जुन्या मोटारीचें इंजिन काय सांगतें?

इंग्लंडांतील अॅबिंग्डन या गांवीं १९६२ पासून १९८० पर्यंत एम. जी. बी. नांवाची एक लहानशी, वेगानें हांकावयाची मोटार तयार होत असे. उघडी व बंद छपराची, दोन्ही प्रकार मिळून तिच्या पांच लक्षांहून अधिक गाड्या कारखान्यांतून बाहेर पडल्या. त्यांतील सर्वांत धाकटी गाडीहि आज चाळीस वर्षांवरची आहे. तरी पुष्कळ हौशी लोक ती मोठ्या प्रेमानें बाळगून आहेत. अशा गाडीचें इंजिन मोडलें म्हणजे "काल तर अगदीं ठीक चालत होतें" असें धनी सांगतो. आमचा अनुभव असा कीं, काल तें ठीक चालत नव्हतें. तें आपलें दुखणें सांगत होतें व धन्याचें तिकडे लक्ष नव्हतें. तें कसें ऐकावें, याविषयीं चार शब्द लिहावे असें आम्हांस वाटतें.

या गाडीचें इंजिन १७९८ घन सेंटिमीटरचें, चार सिलिंडरांचें असून त्याचा ठोकळा व वरचें हेड हीं दोन्ही ओतीव लोखंडाचीं आहेत. मिनिटास ५००० फेरे या वेगानें तें चालत असतां प्रत्येक पिस्टन सेकंदास ऐंशींहून अधिक वेळां वर जाऊन खालीं येतो. ही सारी ओढाताण कनेक्टिंग रॉडमधून क्रँकशाफ्टवर येते. रॉड व क्रँक यांच्या मध्यें मऊ धातूचें बेअरिंग असतें खरें. परंतु धातूला धातु लागूं न देण्याचें काम तेलाचा केसाहूनहि पातळ असा एक पापुद्रा करीत असतो. तो तुटला कीं सर्व संपलें.

म्हणून पहिली नजर तेलाच्या दाबाच्या कांट्याकडे गेली पाहिजे. इंजिन पुरतें तापल्यावर चालत्या गाडींत हा दाब दर चौरस इंचास ५० ते ८० पौंड असावा, व गाडी उभी असून इंजिन मंद चालत असतां १० ते २५ पौंड असावा. नुकतेंच सुरू केलेलें इंजिन नेहमींच मोठा आंकडा दाखवितें, कारण थंड तेल घट्ट असतें. त्या आंकड्यावर भाळूं नये. खरी तुलना गाडीची तिच्याशींच करावयाची. तोच रस्ता, तोच वेग, तेवढीच उष्णता असतां आजचा दाब किती व तीन महिन्यांपूर्वींचा किती, हें एका वहींत टिपून ठेवावें. दाब महिन्यामहिन्यानें थोडाथोडा उतरत असेल, तर बहुधा बेअरिंगें झिजून त्यांतील फट वाढत चालली आहे. वळणावर गाडी कलली कीं कांटा क्षणभर पडतो व पुन्हां चढतो, असें झाल्यास तळच्या टाकींत तेल कमी असून पंप वारा ओढीत आहे असें समजावें. आणि कांटा एकदम शून्यावर आला तर इंजिन तत्क्षणीं बंद करावें. कांटाच बिघडला असेल, हा विचार गाडी उभी केल्यानंतर करण्याचा आहे.

आतां आवाजांविषयीं. थंड इंजिन सुरू करतांना ठक्ठक् असा पोकळ आवाज येतो व पांचदहा मिनिटांत निघून जातो, तो सिलिंडरांत सैल झालेल्या पिस्टनाचा होय. हें म्हातारपणाचें लक्षण आहे. त्यासह गाडी पुष्कळ वर्षें चालते. परंतु जो ठोका गरम झाल्यावर वाढतो तो भयंकर. मध्यम वेगानें जात असतां पेडलवरचा पाय किंचित् सैल केला कीं लांकडावर मोगरी मारल्यासारखा जलद ठोका ऐकूं येतो, तेव्हां कनेक्टिंग रॉडचें बेअरिंग जाऊं लागलें आहे. क्रँकशाफ्टच्या मुख्य बेअरिंगांचा आवाज याहून खोल, घरघरीचा. चढावर भार पडला असतां तो कानांपेक्षां पायांच्या तळव्यांना आधीं कळतो. तिसरा आवाज पत्र्याच्या डब्यांत खडे हलविल्यासारखा असतो. तो वरच्या गिअरांत चढ चढतांना येतो. ठिणगी फार आधीं पडत असल्यामुळें किंवा मिश्रणांत पेट्रोल कमी असल्यामुळें सिलिंडरांतील वायु भलत्या वेळीं भडकतो, त्याचा हा आवाज. ब्रिटनमध्यें सप्टेंबर १९२१ नव्हे, तर २०२१ पासून साध्या पेट्रोलांत शेंकडा दहापर्यंत इथेनॉल मिसळूं लागले. त्यामुळें जुन्या कार्ब्युरेटरांचें मिश्रण आणखी विरळ होतें, हेंहि ध्यानांत ठेवावें.

ठोका कोणत्या सिलिंडराचा, हें शोधण्याची एक जुनी युक्ति आहे. इंजिन मंद चालत असतां विजेपासून संरक्षित अशा चिमट्यानें स्पार्क प्लगांच्या तारा एकेक करून काढाव्या. जी तार काढल्यावर ठोका मऊ पडेल, तेथें दोष आहे. लांब पेंचकसाचें टोंक ठोकळ्यावर टेंकून मूठ कानाजवळच्या हाडाला लावली म्हणजे वैद्याच्या नळीप्रमाणें आंतील आवाज स्वच्छ ऐकूं येतो. मात्र पंख्यापासून बाह्या व गळपट्टा संभाळावा.

सर्वांत फसवा प्रकार आवाज नाहींसा होण्याचा. या इंजिनांतील टॅपेटांत थंड असतां सुमारें पंधरा सहस्रांश इंच फट ठेवावयाची असते व त्यामुळें शिवणयंत्रासारखी एक बारीक टकटक नेहमीं येते. ती हळूहळू थांबली कीं धनी खूष होतो. वास्तविक तेव्हां धुराकडील व्हाल्व्ह आपल्या बैठकींत रुतत चाललेला असूं शकतो. पूर्वीं पेट्रोलांतील शिसें या बैठकींचें रक्षण करीत असे. ब्रिटनमध्यें तसलें पेट्रोल सर्वसाधारण विक्रींतून १९९९ च्या अखेरीस बंद झालें. फट पार मिटली कीं व्हाल्व्ह पुरा बसत नाहीं, त्याची उष्णता बैठकींतून निघून जाईना व त्याची कड जळून जाते. टकटकणारा टॅपेट त्रास देतो, मुका टॅपेट घात करतो.

पाण्याच्या बाबतींत एक चूक आमची स्वतःचीच सांगतों. एका जुन्या गाडींतून घाट चढत असतां उष्णतेचा कांटा बराच वर गेला होता. मग तो अकस्मात् खालीं आला. वाऱ्यानें इंजिन निवलें, असें म्हणून आम्ही आनंदानें पुढें निघालों. मैलभर गेल्यावर जळकट वास येऊं लागला. रबराची नळी फुटून पाणी केव्हांच वाहून गेलें होतें व कांट्याचें टोंक नुसत्या हवेंत उघडें पडल्यामुळें तें थंडावा दाखवीत होतें. हेड वांकलें, गॅस्केट जळालें, आणि दुरुस्तीचे पैसे भरतांना जी शिकवण मिळाली ती आम्ही अद्याप विसरलों नाहीं. गाडी तीच, रस्ता तोच, आणि कांटा विनाकारण खालीं आला, तर तो वर जाण्याइतकाच संशयास्पद मानावा.

तेलाच्या झांकणाखालीं लोण्यासारखा पिंवळसर फेस आढळला म्हणजे पुष्कळजण घाबरतात. थंडीच्या दिवसांत जवळजवळच्या फेऱ्या केल्यानें वाफेचें पाणी होऊनहि असा फेस सांचतो. तो डिपस्टिकवरच्या तेलांतहि दिसला व रेडिएटरांतलें पाणी विनाकारण घटत असलें, तरच गॅस्केट किंवा हेड फुटल्याचा संशय घ्यावा. अशा वेळीं प्लग काढून पाहावे. तीन तपकिरी व एकच धुतल्यासारखा स्वच्छ निघाला, तर त्या सिलिंडरांत पाणी शिरत आहे. धुराचें थोडक्यांत असें: निळा धूर तेलाचा, काळा अधिक पेट्रोलाचा, व इंजिन तापल्यावरहि न थांबणारा पांढरा, गोडसर वासाचा धूर पाण्याचा. उतार उतरून पुन्हां वेग देतांना निळा लोट आला तर व्हाल्व्हांच्या नळ्या झिजल्या आहेत. जोर देत असतां सतत येत असेल तर पिस्टनांच्या कड्या.

ठोका ऐकूं आला त्या दिवशीं गाडी उभी केली, तर बहुधा तळची तेलाची टाकी उतरवून बेअरिंगाच्या पट्ट्या बदलल्यानें काम भागतें. आणखी शेंपन्नास मैल हांकली, तर क्रँकवर ओरखडे उठतात व तो काढून यंत्रशाळेंत घांसून घ्यावा लागतो. त्याहि पुढें नेली, तर रॉड तुटून ठोकळ्याच्या भिंतींतून बाहेर येतो. ओतीव लोखंडाला पडलेलें तें भोंक बुजविणें सोपें नाहीं. आणि गाडीबरोबर कारखान्यांतून निघालेलें मूळचें इंजिन मग तिला पुन्हां मिळत नाहीं. म्हणून ठोका ऐकतांच क्लच दाबावा, किल्ली फिरवून इंजिन बंद करावें, गाडी कडेला न्यावी व "पुन्हां एकदां लावून पाहूं" असें म्हणणाऱ्या सोबत्याच्या हातीं किल्ली देऊं नये.